पेशंटसोबत कोण आहे?

मनाच्या डॉक्टरकडे मेणबत्ती कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही. तीही वासाची. पॅसेंजरनं घामाघूम होऊन आम्ही नागपूरला उतरलेलो, ऑटोत बसून कंबरडं मोडलेलं, आणि दार उघडल्याबरोबर नाकात तो व्हॅनिलाचा गोड, चिकट वास. माझ्या भावाला त्या वासानं मळमळायला लागलं, तर समोरच्या बाई हात जोडून म्हणाल्या, "बघा, आत साचलेलं बाहेर पडतंय." मी मनात म्हटलं, बाहेर पडतोय तो सकाळचा चहा आणि टोस्ट.

पण हे दुसऱ्या ठिकाणचं झालं. पहिल्यापासून सांगते.

माझा धाकटा भाऊ सिंदी रेल्वेला आमचं दुकान चालवतो. पाईप, पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, नटबोल्ट. वडील गेल्यावर ते सगळं त्याच्या अंगावर आलं. मी वर्ध्याला, बोरगाव मेघेत राहते आणि शाळेत गणित शिकवते. एक दिवस आईचा फोन आला. हा सकाळी किल्ली हातात घेऊन अर्धा तास दुकानासमोर उभा होता आणि शटर न उघडताच घरी परत आला होता. सदरा भिजलेला, हात कापत होते आणि "आई, मी मरून राह्यलो" एवढंच म्हणत होता. वर्ध्याला छातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं. तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं की हा चिंतेचा आजार आहे, नागपूरला एखादा चांगला थेरपिस्ट बघा, बोलून बरं होतं.

तेव्हापासून शेजारचा सलूनवाला रोज सकाळी आमचं शटर उचलून द्यायचा आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचा. भावाला आपल्या दुकानाचं शटर आपल्या हातानं उघडता यावं, एवढंच आम्हाला हवं होतं. त्यासाठी मी रजा काढायला तयार होते, नागपूरचे सगळे जिने चढायला तयार होते. त्याच्यासाठी मी काय काय केलं, याची यादी माझ्याकडे नेहमी तयार असायची.

गावात काय सांगायचं, हेही मीच ठरवलं. मनाच्या डॉक्टरकडे जातोय म्हटलं असतं तर त्याच्या लग्नाच्या गोष्टी तिथेच थांबल्या असत्या. एकतिशीचा झाला होता तो. म्हणून मी आईला बजावलं, दाताचं काम आहे म्हणून सांग. आणि गाव ते असं! कोणी लवंगेचं तेल आणून दिलं, कोणी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, एकानं तर भर दुकानात त्याला "आ" करायला लावून बॅटरीनं तोंडात पाहिलं. पुढे पुढे तो गिऱ्हाइकाशी बोलेनासा झाला, तेव्हा लोक आपसातच म्हणू लागले, दात दुखतात ना त्याचे, बोलवत नाही त्याले. मला त्या लोकांची शिसारी आली होती. खोटं मी सांगितलं होतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

मी वर्ध्याला गाडीत बसायची आणि पर्स ठेवून त्याची जागा धरायची. सिंदीला तो चढायचा. माझ्या मांडीवर फाईल असायची. तिच्यात सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले आणि सगळ्यात वर एका पानावर माझ्या अक्षरात त्याची हकीकत. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: वडील गेल्यापासून सुरू झालं.

पहिला डॉक्टर मोठा होता. बाहेर एवढी माणसं बसलेली की चपला ठेवायला जागा नाही. कंपाउंडर दारातून ओरडायचा, "पेशंटसोबत कोण आहे?" आमच्याकडे दवाखान्यात एकटं कोणी जात नाही. सोबतचं माणूस असतं आणि बोलतं तेच. मी उठले, हकीकत सांगितली. डॉक्टरांनी मान वर केली नाही. "झोप?" मी म्हटलं, कमी आहे. "भूक?" मी म्हटलं, बरी आहे. तीन मिनिटांत आम्ही बाहेर. गोळ्या चुकीच्या नव्हत्या, त्याला झोप लागू लागली, ते मी नाकारत नाही. पण माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मनाचा इलाज करणाऱ्या माणसाचा मला मनापासून वीट आला. गाडीत मी सिंदी येईपर्यंत त्याला शिव्या घातल्या.

मग त्या मेणबत्तीवाल्या बाई. भिंतीवर सूर्यास्ताचं चित्र, कोपऱ्यात विजेवर चालणारं कारंजं. माझी हकीकत ऐकून म्हणाल्या, "ताई, किती छान सांगता हो तुम्ही!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी भावाला डोळे मिटायला लावून "मी शांत आहे, मी समर्थ आहे" हे एकवीस वेळा म्हणवून घेतलं. इलाज काय, तर सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्यायचं आणि वाईट विचार मनात आणायचे नाहीत. निघताना मोबाईल काढून म्हणाल्या, दोन शब्द बोला ना, आमच्या पेजवर टाकू. मी तिथेच भडकले. "कोमट पाणी? माणूस दारात उभा राहून मरणाच्या भीतीनं कापतो आणि तुम्ही त्याला कोमट पाणी पाजता? हे सांगायला शिकावं लागतं का?" बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढे कितीतरी दिवस शाळेत स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट रंगवून सांगत होते. कोमट पाण्यापाशी सगळ्या हसायच्या.

तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना अजून माझं तोंड कडू होतं. निवृत्त गृहस्थ, घरातच दिवाणखान्यात बसायचे. नाव मोठं होतं, ओळखीतून वेळ मिळाली होती. आम्ही आत गेलो तेव्हा ते तर्री-पोहे खात होते. आम्हाला बघून थांबले नाहीत. मी हकीकत वाचत होते आणि ते चमच्यानं तर्री ओरपत होते, मधेच तर्रीत बुडवून कांदा चावत होते. माझं "वडील गेल्यापासून" होतं न होतं तोच त्यांनी स्वतःच्या वडिलांची गोष्ट सुरू केली. ती संपल्यावर स्वतःच्या नोकरीची. मग भावाकडे बोट करून मला विचारलं, "लग्न झालं नाही ना याचं? करून टाका. सगळं जागेवर येते." आणि त्याच बोटांनी माझी फाईल ओढून तिच्यावर दोन ओळी लिहिल्या. माझ्या पानावर लाल तेलाचा डाग पडला, नेमका भावाच्या नावावर. मला एवढी किळस आली की जिना उतरेपर्यंत मी श्वास रोखून धरला.

त्या दिवशी दिवाणखान्यात एक छोटी गोष्ट घडली होती. मी वाचत असताना भाऊ मधेच म्हणाला, "ते तसं नाई, ताई..." मी हात वर केला. वर्गात करते तसाच. म्हटलं, "तू थांब, मी सांगते ना." तो थांबला. मी पान वाचून पूर्ण केलं.

त्यानंतर तो येईना. "काऊन नाई येत?" विचारलं तर म्हणे, "दात बरे झाले माहे." आई हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, आणखी एकच, शेवटचा. शाळेतल्या एका मॅडमच्या मुलीला कोणीतरी बरं केलं होतं, तो पत्ता मिळवला.

जागा पाहूनच मी नाक मुरडलं. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं अंधारा जिना, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. वर एक खोली, भिंतीला ओल, प्लास्टिकच्या तीन खुर्च्या आणि पाण्याचा कुबट वास सोडणारा कूलर. भिंतीवर एक सर्टिफिकेट, तेही तिरकं. आतून एक पोरगेलीशी बाई आली. चुरगळलेला कुर्ता, केस कसेतरी बांधलेले. माझ्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी शोभली असती. मी मनात तिला नापास करून टाकलं आणि फाईल उघडली.

तिनं फाईल घेतली नाही. एका कागदावर चार प्रश्न होते, तो तिनं भावापुढे धरला. मी सवयीनं पेन काढला. ती म्हणाली, "त्यांना लिहू द्या ना. आपण कोण यांच्या?"

"मोठी बहीण."

"मग ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! वर्ध्याहून रजा टाकून आलेली बाई मी, आणि ही मला जिन्यात बसवते? म्हटलं, "अहो, त्याला बोलता येत नाही. तो गांगरतो. सगळं मलाच माहीत आहे."

ती चिडली नाही. माझ्याशी वादही घातला नाही. तिनं भावाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? ताईंनी थांबावं, की बाहेर बसावं?"

त्यानं माझ्या मांडीवरच्या फाईलकडे पाहिलं. कूलर घरघरत होता. मला खात्री होती तो काय म्हणेल याची.

"बाहेर," तो म्हणाला.

मी बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. दार लागलं. खाली झेरॉक्सचं मशीन सारखं खटखट करत होतं, त्यामुळे आतलं काही ऐकू येईना. हो, मी कान लावला होता, सांगते. मधे एकदा आवाज आला. रडण्याचा की हसण्याचा ते कळलं नाही, पण त्याचा होता आणि मोठा होता. घरी त्याचा एवढा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी ती तेलकट फाईल उघडून माझंच पान पुन्हा वाचलं. सुंदर लिहिलं होतं. एकही खाडाखोड नव्हती.

पाऊण तासाहून जास्त वेळानं तो बाहेर आला. डोळे सुजले होते. दाराबाहेरच्या माठातलं पाणी तो दोन पेले प्यायला आणि आम्ही निघालो. स्टेशनपर्यंत मी तोंड आवरलं. गाडीत बसल्यावर मात्र राहवलं नाही.

"एवढा वेळ काय बोलला?"

"बोललो."

"बाबा गेल्यापासूनचं सांगितलं ना?"

तो खिडकीबाहेर बघत होता. बुटीबोरीचे कारखाने मागे गेले होते. "बाबा गेल्यापासून नाई ना, ताई, ते. त्याच्या दोन वर्सं आधीपासून होते मले. बाबा होते तवा दुकान ते उघडत, म्हणून कोणाले दिसत नोतं."

मला धक्काच बसला. त्याहून जास्त राग आला. "मंग मले काऊन नाई सांगितलं? मी काय मेली होती?"

"सांगतलं होतं ना तुले."

"कधी?"

"दिवाळीले. तू करंज्या तळून राह्यली होती. मी म्हटलं, ताई, सकाळी माह्या छातीत लय धडधडते, मले भेव लागते." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी भांडले असते. "तू म्हणाली, सकाळी उठून कोमट पाणी पेत जा, आन् फालतू विचार करत नको जाऊ."

मला ते आठवेना. अजूनही नीट आठवत नाही. कढई आठवते, झारा आठवतो, करंज्या किती झाल्या तेही आठवतं. तो दारात उभा असल्याचं आठवत नाही, कारण मी मान वर केली नसणार. ज्या डॉक्टरला मी सिंदी येईपर्यंत शिव्या घातल्या, त्यानं निदान झोप-भूक विचारली होती. आणि त्या मेणबत्तीवाल्या बाईचं कोमट पाणी! ते मी तिच्या तोंडावर फेकलं तेव्हा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. स्टाफरूममध्ये सगळ्या हसत होत्या ते माझ्यावरच, फक्त त्यांना आणि मला माहीत नव्हतं. इतक्या लोकांची किळस येऊन गेली होती मला त्या वर्षात, पण त्या गाडीत स्वतःची आली तशी कोणाचीच आली नाही.

सिंदी आली. तो उठला. मी फाईल पुढे केली तर म्हणाला, "ते तुह्याजवळच राहू दे." आणि उतरता उतरता, "पुढच्या गुरुवारी मी एकटाच जातो. तू नको येजो."

तो एकटा जाऊ लागला. दर गुरुवारी, त्या ओल आलेल्या खोलीत. तिथे काय चालतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायची सोय मी ठेवलेली नाही. अडीच-तीन महिन्यांनी एका सकाळी त्यानं आपल्या हातानं शटर उघडलं. मला ते दहा दिवसांनी कळलं, तेही आईकडून, बोलता बोलता. त्यानं मला फोन केला नाही. का केला नाही, हे मी त्याला विचारलं नाही.