सेठच्या बांधीचं बूड

"साहेब, मोटर खराब है क्या, देखो जरा," सेठ बांधावरून म्हणाले. मी माती तपासणारा माणूस, मोटार दुरुस्त करणारा नाही, हे त्यांना सांगून झालं होतं. शिवाय मोटार ठणठणीत होती. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, रोज पाणी पडत होतं आणि सकाळपर्यंत गायब होत होतं.

सेठचं गोंदियात टाइल्सचं दुकान. सडक अर्जुनीजवळ त्यांनी धानाची जमीन घेतली आणि तुळशीरामला ठेक्याने कसायला दिली. ठेका ठरलेला, पिकलं काय अन् न पिकलं काय. आजूबाजूची रोवणी उरकली होती. तुळशीरामचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मात्र जागच्या जागी पिवळे पडत होते.

"आठ दिवसांत रोवना नाही झाला तं पऱ्हे ढोरायले घालाचे," तो म्हणाला. "अन् ठेका तं द्याच लागते जी."

सेठनी लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात ठेवला. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं व्यवस्थित.

"मिट्टी एकदम फर्स्ट क्लास!"

रिपोर्ट खोटा नव्हता. पण मातीत काय आहे, एवढंच तो सांगतो. माती किती घट्ट बसली आहे, पाणी धरते की सोडते, हे तिचे भौतिक गुणधर्म. त्यासाठी शेतात उतरावं लागतं आणि बूट भरतात. सेठ बांधावरच थांबले.

मी लोखंडी सळाख काढली. शेजारच्या बांधीत ती वीतभर गेली आणि अडली. सेठच्या बांधीत मुठीपर्यंत आत गेली.

"उन्हाळ्यात इथे काय केलंत?"

सेठ खुलले. "सबसॉयलर चलाया! मोबाइल पे देखा था. हार्डपॅन तोडो, जमीन को साँस लेने दो."

सबसॉयलर म्हणजे जमीन खोलवर चिरणारं ट्रॅक्टरचं अवजार. हार्डपॅन म्हणजे नांगराच्या तळाखाली दबून झालेला कडक थर. कापसात तो मुळं अडवतो, तिथे फोडावाच. धानाच्या बांधीत तोच थर पाणी अडवतो. इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या चिखलणी करून तो बसवला होता. सेठनी एका दुपारी फोडला, वर व्हिडिओही काढला.

"बादलीचं बूड काढलंत सेठ. आता मोटार बदलून काय होणार?"

मग मी तुळशीरामला विचारलं, "तू काऊन नाही अडवलं?"

"एवढी मोठी मशीन आनली तं फायद्याचीच असन, असं वाटलं. मी तं तिच्यासंगं फोटो काढला जी."

उपाय एकच होता. पाणी भरून माती पुन्हा पुन्हा घुसळायची, म्हणजे बारीक कण फटींत बसतात आणि पाणी थांबतं. हीच चिखलणी. सगळ्या बांध्यांना पाणी पुरणार नव्हतं, म्हणून खोलगट दोन निवडल्या. ट्रॅक्टर उतरला आणि सेठ आडवे आले.

"चिखलणी से मिट्टी मर जाती है! व्हिडिओ में साफ बोला है."

"मंग त्या व्हिडिओवाल्यालेच ठेक्यानं द्या जमीन," तुळशीराम म्हणाला आणि ट्रॅक्टरवाल्याला त्याने हात केला.

दोन बांध्या रोवल्या गेल्या. बाकीच्या पडीक राहिल्या. धान घरी खाण्यापुरतं झालं. सेठनी ठेका पुरता वसूल केला. "उसूल है," म्हणाले. मला संताप आला, पण करारात हार्डपॅनचा उल्लेख नव्हता. तुळशीरामने ती जमीन सोडली.

सेठ आता सबसॉयलर भाड्याने देतात. थर फोडायला एक दुपार लागते. पुन्हा बसायला किती वर्षं लागतात, ते भाड्याच्या पाटीवर लिहिलेलं नाही. त्या दुपारी काढलेला व्हिडिओ मात्र अजून मोबाइलवर फिरतो. त्यात तुळशीराम मशीनशेजारी हसत उभा आहे आणि खाली सेठनी लिहिलंय, "खुश किसान".