साडेदहाची चावी

चावीवाले निवृत्त झाले तेव्हा पाणीखात्याने त्यांची शिट्टी परत घेतली, सायकल परत घेतली आणि रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायची ती पुरुषभर उंचीची लोखंडी चावीही परत घेतली. हाताची सवय मात्र परत घ्यायची राहून गेली. सगळी हयात एका गल्लीचं पाणी बंद करून दुसरीला सोडण्यात गेलेली. स्वतःच्या लग्नातूनही ते मध्येच उठून बाजारपेठेचं पाणी सोडून आले होते, असं त्यांची बायको सांगे, आणि बाजारपेठ त्याला दुजोरा देई.

त्यामुळे घरात राउटर आला तेव्हा त्यांनी तो पाहताक्षणी ओळखला. एका बाजूने लाइन येते, दुसऱ्या बाजूने घरभर जाते. व्हॉल्व्हच. बसवणाऱ्याने तो दाराजवळ गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकला आणि चहाही न घेता पळाला. मागच्या खोलीत सुनेचं टेबल होतं, तिथे नेट पोचेना. "टाकी एवढी खाली," चावीवाले म्हणाले, "प्रेशर कुठून येणार?" त्यांनी मुलाला कामाला लावून राउटर मधल्या खोलीच्या माळ्यावर चढवला. मुलगा हसत होता. मागच्या खोलीत नेट धो धो आलं, तसा मुलगा हसायचा थांबला. तेव्हापासून या विषयात चावीवाल्यांचा शब्द शेवटचा ठरला, आणि माशी शिंकली ती तिथेच.

पुढे एकदा जिन्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. बोलता बोलता म्हणाले, हल्ली आमच्याकडे नेट धड येत नाही. मास्तरांनी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं होतं. चावीवाल्यांनी ती रीतसर तक्रार मानली. खालच्यांनी ओढलं की वरचे कोरडे राहतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी साडेदहाला स्टुलावर चढून माळ्यावरचं बटण बंद करू लागले, आणि मास्तरांचं भरून झालं असेल अशा बेताने तासाभराने पुन्हा चालू.

नेमकी याच दिवसांत सून घरबसल्या करायच्या नोकरीसाठी मुलाखती देत होती. दोन मुलाखतींत तिचं तोंड अर्धवट उघडं असताना चित्र थिजलं, आणि समोरच्यांनी तेच उत्तर समजून पुढचा उमेदवार बोलावला. आता एकच जागा उरली होती. ती हुकली तर परगावची नोकरी, आणि घरी यायचं ते फक्त रविवारी. याची धास्ती नवऱ्यापेक्षा सासऱ्यांना जास्त होती. त्यांच्या नोकरीतली, फुटलेल्या मोठ्या पाइपाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

कंपनीला फोन झाले. कंपनी म्हणाली, बंद करून पुन्हा चालू करा. "हवा धरली असणार," चावीवाले म्हणाले, "बरोबर सांगताहेत." कंपनीचा माणूस आला तो दुपारी. त्याला सगळं ठणठणीत दिसलं.

"बाबा, रोज बरोबर साडेदहाला जातं हो," सून रडकुंडीला येऊन म्हणाली.

"जायचंच," बाबा शांतपणे म्हणाले. "ती वेळच आहे त्याची."

इतकं स्वच्छ कबूल करूनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. म्हाताऱ्यांची वाक्यं घरात सुभाषितांसारखी ऐकतात, म्हणजे ऐकत नाहीत.

सुनेने शेवटची मुलाखत मुद्दाम दहाची मागून घेतली. साडेदहाच्या आत उरकेल. ती रंगली. साडेदहा वाजायला आले तेव्हा चावीवाले स्टुलावर होते, बोट बटणावर होतं, आणि मागच्या खोलीतून कुणीतरी विचारत होतं, तुमच्याकडचं नेट भरवशाचं आहे ना?

"अगदी," सुनेचा आवाज जरा बारीक झाला. "सासरेच बघतात आमचे. पाणीखात्यात होते. त्यांच्या हातातली लाइन कधी दगा देत नाही."

साहेबाच्या मेव्हण्यालासुद्धा चावीवाल्यांनी कधी मिनिटभर पाणी जादा सोडलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ साडेदहाच्या पुढे सरकलं. बोट तिथेच राहिलं. नोकरीभर टाळलेलं पाप त्यांनी स्टुलावर उभ्याने केलं.

"बाबा, मिळाली," म्हणत सून बाहेर आली आणि थबकली. "तुम्ही वर काय करताय?"

"लक्ष ठेवतोय," चावीवाले म्हणाले. उतरले, सदरा नीट केला आणि तडक जिना चढून वर गेले.

"मास्तर, आज तुमचं उशिरा सोडतोय. चूक माझी आहे."

काय सोडताय, हे कळायला मास्तरांना बराच वेळ लागला. कळलं तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले. "अहो, पण आमची कंपनी वेगळी. वायरसुद्धा मागच्या रस्त्याने येते."

चावीवाल्यांनी हे पचवलं. "म्हणजे तुमचं धरणच वेगळं."

"तसं म्हणा. पण नेट येत नाही ते नाहीच."

चावीवाल्यांची नजर खोलीभर फिरली आणि खाटेखाली, चपलांच्या शेजारी लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यावर थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

"मास्तर," ते बाह्या सरसावत म्हणाले, "स्टूल आहे का घरात?"