रथसप्तमीपर्यंतची बॅट

हे रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसायचे, तेव्हा मी मुद्दाम भांडी आपटायची. "एकजण फेकते, एकजण मारते, बाकीचे उन्हात उभे. त्यात ऐकाचं काय?" असं म्हणायची आणि स्वतःला फार हुशार समजायची. नवीन लग्न, अंगावर नायलॉनची साडी, आणि डोक्यात जगातलं सगळं ज्ञान. ती बाई आज भेटली तर तिला मी उन्हात फिल्डिंगला उभी करीन. कारण आता मी रोज दुपारी चार वाजता मोबाइलवर क्रिकेट खेळते.

हा खेळ नातीनं लावून दिला. दिवाळीत पुण्याहून आली, यवतमाळच्या माझ्या घरात तिला करमेना, तेव्हा माझ्या फोनमध्ये गेम टाकला आणि तिच्या गटात मला घेतलं. गटातले बाकीचे कोण, कुठले, देव जाणे. नुसतं एक टोपणनाव आणि एक चित्र. दिवाळी संपून ती गेली, तरी शाळेतून आली की आम्ही दोघी दोन-दोन ओव्हर खेळायचो. "आजी, उगाच बॅट फिरवू नकोस," असं ती फोनमधून ओरडायची. मी चारच्या आधी ओटा पुसून, चहा पिऊन तयार असायची.

मग तिचे क्लास वाढले. चार वाजायचे, पण तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका काही लागायचा नाही. मी गटातल्या बाकीच्यांशी खेळायला लागले.

खेळ फुकट आहे म्हणतात. फुकट कसा, तर थोडे सामने झाले की तो सांगतो, तुमचा खेळाडू थकला. कमालच झाली, धापा मी टाकायच्या आणि थकायचं त्यानं! त्याला उठवायचं तर हिरे लागतात, आणि हिरे विकत. पहिले हिरे मी एका प्लेट समोशाच्या पैशात घेतले. मुलानं औषधं मागवता यावीत म्हणून माझं पेन्शनचं खातं फोनला जोडून दिलं होतं. बोट टेकवलं की काम झालं. नोट द्यायची तर ती दोन बोटांत क्षणभर अडकते, मन बदलायला वेळ मिळतो. इथे काहीच अडकत नाही. हिऱ्यांनंतर ग्लोव्ह्ज घेतले, मग टोपी घेतली. टोपी! माझ्या खेळाडूला ऊन लागू नये म्हणून. मी स्वतः छत्री विसरून भर दुपारी भाजी आणते, ते वेगळं.

अशात संक्रांत आली.

सासरी कळंबला होते तेव्हा संक्रांतीच्या वाणावरून माझी आणि जावेची चढाओढ असायची. एका वर्षी तिनं स्टीलच्या वाट्या लुटल्या, म्हणून मी यवतमाळहून लाल दांड्याच्या चहाच्या गाळण्या आणल्या. घरोघर जाऊन बोलावणं केलं, "या बरं का, वाट पाहते." दुसऱ्याच सकाळी गल्लीतल्या निम्म्या घरांत गाळणीचे दांडे चहात पडले. पुढे कितीतरी दिवस बाया मला 'गाळणीवाली' म्हणत होत्या, आणि मी खुळी, मला ते कौतुकच वाटायचं.

हे गेले आणि मला हळदीकुंकवाचं बोलावणं येणं थांबलं. कोणी काही बोललं नाही. समोरच्या दारात चपला दिसतात, हसणं ऐकू येतं, तेवढंच.

त्या दुपारी गेम उघडला तर मैदानावर पतंग उडत होते आणि खाली बटण होतं, 'गटातील सर्वांना भेट द्या'. इथे कोणाला ठाऊक होतं माझ्या कपाळावर काय आहे अन् काय नाही? सगळ्यांना एकेक चमकती बॅट. बोट टेकवलं. भराभर नावांपुढे 'स्वीकारली', 'स्वीकारली' उमटत गेलं. एकाच नावापुढे काही आलं नाही. नातीच्या. क्लासला असेल, म्हटलं, आणि तिळाचा लाडू एकटीनंच खाल्ला.

बँकेचे मेसेज मुलाकडे जातात. संध्याकाळी त्याचा फोन.

"आई, कोणाले ओटीपी सांगितला का तू? महिन्याच्या दुधाएवढे पैसे गेले खात्यातून! मी तक्रार टाकून राह्यलो."

"नको टाकू बाप्पा. कोणी नाही नेले. वाण लुटलं मी."

"काय लुटलं?"

"वाण. बॅटी."

मागून नात खिदळली, "आजी, अगं त्या गटात निम्म्याहून जास्त खोटी माणसं असतात. त्यांच्या नावानं कॉम्प्युटरच खेळतो. तुझ्या बॅटी कॉम्प्युटरनं घेतल्या!"

"घेऊ दे," मी म्हटलं. "दांडा तर नाही निघणार."

मुलगा म्हणाला, "खातं काढून टाकतो मी त्याच्यातून. अन् तो गेमही काढ. कायले पाहिजे तुले?"

"रथसप्तमीपर्यंत राहू दे."

"काहून?"

"तोवर वाण चालते."

पुढे रोज उघडून पाहायची. नातीची बॅट तशीच पडून. गावभर बोलावणी करत हिंडणारी मी, पण माझी जीभ आता नातीला एक वाक्य बोलायला वळेना. आपणहून आली तर खरं, असा तोरा. गाळणीवालीचाच तो, कुठे जातो!

रथसप्तमीला दुपारी मुकाट्यानं फोन लावला.

"तुझं वाण राह्यलं माझ्यापाशी. ये बरं का, वाट पाहते."

"कुठे येऊ, आजी?"

"मैदानात."

"आज टेस्ट आहे गं... बरं, पाच मिनिटं हं."

हिरवा ठिपका लागला. 'स्वीकारली' आलं. मी बॉल टाकला, तिनं त्या बॅटीनं तो स्टेडियमच्या बाहेर घालवला.

"आजी, तू मुद्दाम सोपा टाकलास!"

"मुद्दाम कायले टाकू? माझा हातच असा."

"बरं, बाय."

ठिपका विझला. गटातले बाकीचे सगळे हिरवे होते, एकालाही झोप नाही, क्लास नाही. मी म्हटलं, चला, तुमच्यातला कोण येतो? लगेच आला.