सगळ्यात उजवीकडचं पेडल

मोटार चालवायला शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे सावकाशमास्तर म्हणत. नाव शिष्यांनीच ठेवलेलं. गाडी सुरू व्हायच्या आधी "सावकाश", वळणावर "सावकाश", आणि गाडी नीट उभी राहिल्यावरही सवयीनं आणखी एकदा "सावकाश". त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता आपल्या मुलांनाही त्यांच्याकडेच पाठवत.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी मास्तरांसाठी वेगळी पेडलं होती. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. गाडी पळवायचं पेडल फक्त शिकणाऱ्याकडे, आणि मास्तरांच्या मते ते त्याच्याकडेही नसतं तरी काही बिघडलं नसतं.

घरची गाडी बायकोची. ती रुग्णालयात नर्स, वेळी-अवेळी ड्यूटीला स्वतः गाडी घेऊन जायची. मास्तर त्या गाडीतही शेजारीच बसत आणि तिथे नसलेला ब्रेक दाबत राहत. इतका, की त्यांच्या उजव्या टाचेखाली चटईला भोक पडलं होतं.

"अहो, गाडी मी चालवतेय ना?"

"चालव की. मी फक्त थांबवतोय."

एके दिवशी मास्तरीणबाईंचा पाय रुग्णालयाच्या जिन्यावर घसरला आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मग तपासणीला न्यायला मास्तरांना स्टिअरिंगमागे बसावंच लागलं. कितीतरी वर्षांनी. पुलाचा उतार आला, वेगमर्यादेची पाटी दिसली, तिच्यापुढे कॅमेऱ्याचा खांब. मास्तरांना शिकवायची हुक्की आली. "बघ हं, अशा ठिकाणी पाय हलकेच ठेवायचा..." आणि पाय सवयीनं सगळ्यात उजवीकडच्या पेडलवर गेला.

गाडीनं उसळी मारली.

"अहो, ब्रेक! ब्रेक दाबा!"

"दाबतोय की!" मास्तर ओरडले आणि आणखी जोरात दाबलं.

खांबावरचा कॅमेरा लख्खकन चमकला. पूल संपता संपता मास्तरांच्या लक्षात आलं की आपण चालकाच्या जागेवर आहोत आणि इथे उजवीकडे ब्रेक नसतो. पुढचा सगळा रस्ता बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

आठवड्यानं नोटीस आली, ती गाडी ज्यांच्या नावावर त्या बाईंना. फोटोत गाडीची मागची बाजू आणि नंबर. वाहन कोण चालवत होतं ते कळवा, असं खाली लिहिलेलं. विमा कंपनीत काम करणारी लेक त्या दिवशी घरी आली होती. तिनं कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाबा, दंड तर भरायचाच. उशीर केलात तर प्रकरण कोर्टात जाईल. परवान्यावर नोंद होईल, आणि ती झाली की आमची कंपनी विम्याचा हप्ता वाढवणार. मीच वाढवणार बहुतेक."

"शिकवायच्या परवान्याचं काय?" मास्तरांनी हळूच विचारलं. वेगमर्यादा एवढी ओलांडली तर तो रद्द होऊ शकतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नियमांचा धडा तेच तर घेत.

मग बाई म्हणाल्या, "माझं नाव लिहून टाका. मला कुठे कोणाला शिकवायचंय?"

मास्तरांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. "नको," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुझ्या गाडी चालवण्याला मी नावं ठेवली, पण तुझ्या नावानं कधी एक नोटीस आली नाही. पहिली आली ती माझ्या पायानं. ती तुझ्या माथी मारायची? मग कुठल्या तोंडानं सावकाश म्हणू?"

"आणि आई," लेक म्हणाली, "त्या दिवशी तुझा हात प्लास्टरमध्ये होता. खोटं लिहून दिल्याचा गुन्हा वेगळा, प्लास्टर बांधून गाडी पळवल्याचा वेगळा."

"तूही बाबांचीच लेक," बाई म्हणाल्या. "गाडी सुटायच्या आधीच ब्रेक!"

मास्तर एका शिष्याला चालवायला बसवून शिकवणीच्या गाडीतूनच परवाना कार्यालयात गेले. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी नोटीस पाहिली, मग कागदावर मास्तरांचा धंदा पाहिला, मग पुन्हा नोटीस.

"मोटार शिकवता तुम्ही? आणि हे कसं झालं?"

"ब्रेक समजून दाबलं."

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

"बाहेर गाडी उभी आहे. माझ्या जागेवर बसून बघा."

अधिकारी बाई खरंच उठल्या, शेजारच्या सीटवर बसल्या, खाली वाकून दोन पेडलं पाहिली, उजवं दाबून पाहिलं. मग बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. वर केली तेव्हा डोळे पुसत होत्या.

"मास्तर, कारण पटलं. पण दंड माफ होत नाही, नोंदही राहणार. परवाना मी रद्द करत नाही. मात्र चालकाच्या जागेवर बसून चाचणी द्या. पास होईपर्यंत शिकवणं बंद."

मास्तरांना प्रश्न पडला. शिकवणं बंद म्हणजे घरात बसून काय थांबवायचं?

सराव मास्तरीणबाईंनी घरच्या गाडीत करून घेतला. प्लास्टर निघालं होतं. त्या शेजारच्या सीटवर बसल्या, पाय नेमका चटईच्या भोकात. दर वळणावर त्यांचा पाय आपोआप खाली जाई.

"अगं, तिथे काही नाहीये."

"माहितीये. आता कळलं, तुम्हाला ते का लागायचं."

शेवटी चाचणी झाली. मास्तरांनी गाडी इतकी जपून चालवली की परीक्षकानं उतरताना "एवढंही नको" असं तोंडी सांगितलं. परवाना राहिला. दंडाची पावती आणि वाढलेल्या हप्त्याचा कागद लेकीनं एकाच टाचणीत लावून हातात दिला, आणि मास्तरांनी हूं की चूं न करता दोन्ही घेतले.

त्या रविवारी गाडी पुन्हा बाईंच्या हातात होती. पुलाचा उतार आला. मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि गुडघे घट्ट धरून बसले. खांब मागे गेला. बाईंनी एकदा खाली त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"दाबा हो," त्या म्हणाल्या. "तुमचा ब्रेक नसला की मला गाडी फार पळाल्यासारखी वाटते."