तिचं नाव ठळक

आमच्या चंद्रपूरच्या कचेरीत संगणक नवाच होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचे भाऊ एकच मजकूर निरनिराळ्या छपाईयंत्रांना कळेल अशा खुणांत बदलणारा प्रोग्राम लिहीत. तपासायला पान नेहमी तेच, लेकीच्या लग्नाची पत्रिका. "ठळक, मधोमध, सारं यातच हाये," म्हणत.

लग्नाआधीच लेक मलेरियाने गेली. पुढे नवं यंत्र आलं, तेव्हा भाऊंनी तेच पान काढलं.

"भाऊ, दुसरा मजकूर देऊ का?" मी विचारलं.

"नाई. तिचं नाव बारीक येऊन राह्यलं."

त्या यंत्राला ठळक छापता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नावावर पुन्हा तेच नाव छापायला लावलं. दोनदा छापणं पुरे झालं असतं, पण यंत्र त्याच नावावर छापतच राहिलं. कागद फाटला, तरी यंत्र थांबवायला त्यांचा हात उठेना.