दोन गोळ्यांचा कौल

आमचा शेजारी प्रत्येक बोलणं 'काय समजणा नाय' असं म्हणून संपवतो. बोलताना त्याचा तळहात पोटावर फिरत असतो, मांडीवरचं मांजर कुरवाळावं तसा. अल्सर निघाल्यापासून तर तो हात तिथून हलतच नाही.

मालवणच्या डॉक्टरने एक गोळी दिली, कुडाळच्याने दुसरी. दोन्ही पाकिटं माझ्या ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "मास्तरानू, खयची घेऊ? काय समजणा नाय." मी गणिताचा मास्तर, मला तरी काय कळणार? शेवटी त्याने देवाला कौल लावला. गुरवाने देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवल्या, डावी मालवणची, उजवी कुडाळची; उजवी पडली आणि कुडाळची गोळी ठरली.

तरी पोट जळतंच आहे. काल ओट्यावर बसून त्याने खिशातून तिसरीच गोळी काढली.

"ही कसली रे?"

"गुडघ्याची. बरीच वर्सा घेतंय."

दुखण्याच्या गोळ्या पोट बिघडवतात, हे बायकोच्या आजारपणात मी ऐकलं होतं. "अरे, हीच पोट जाळता असात! डॉक्टरांक सांगितलंस?"

"तेंनी पोटाचा इचारल्यानी. देवाक पण पोटाचाच इचारलंय."

त्याचा हात गुडघ्यावर गेला, परत पोटावर आला. "तुमचा खरा काय, समजणा नाय. कौल लावन बघूक होयो."

देऊळ टेकडीवर, पायऱ्या उभ्या. चढायचं म्हणून त्याने पाणी मागितलं आणि तीच गोळी गिळली. पाणी मीच आणून दिलं. का दिलं, काय समजणा नाय.