एका वेळी एक लोटा

पाणी दिसलं की बाबा आधी त्यात बोट बुडवत आणि जिभेला लावत. खाडीचं असो, तलावाचं असो, नाहीतर आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीतलं. मग डोळे बारीक करून निकाल: "अजून खारं हाय."

नव्वदनंतरची ती वर्षं. मी पेणला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि खाडीकाठचे हे म्हातारे बाबा आम्हाला प्रात्यक्षिकासाठी मासे आणून देत. त्यांचा खरा हातखंडा जिताडा मासा वाढवण्यात. तुमच्यापैकी पेणकडच्यांनी पाहिलं असेल, खाडीतली पिल्लं गावच्या गोड्या तलावात वाढवतात. बाबा आधी ती दोन दिवस हंड्यात ठेवत. एक लोटा खारं पाणी काढायचं, एक लोटा गोडं घालायचं. थोडं थांबून पुन्हा तेच. खाऱ्या पाण्यात मीठ बाहेर टाकणारे कल्ले गोड्या पाण्यात तेच मीठ धरून ठेवू लागतात, हे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचो.

एकदा बाबा जेवायला गेले असताना मी घाईने हंड्यातलं सगळं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत पिल्लं उलटी तरंगली. बाबा रागावले नाहीत.

"मास्तर, मासा बदलतो वो. पन त्याला येळ द्यावा लागतो."

पुढे त्यांच्या मुलाला कंपनीत शिफ्टचं काम लागलं. त्याने कंपनीजवळ, खाडीपासून लांब खांब गावात खोली घेतली आणि आई नाही, बाप एकटा नको, म्हणून एक दिवस बाबांना न्यायला टेम्पोच आणला. बाबांनी मला बाजूला घेतलं.

"तुमचं आयकतो तो. सांगा ना, आधी चार दिस तिथं, चार दिस हितं ऱ्हातो. मंग जाईन कायमचा."

आणि मी शहाणा काय म्हणालो? "जा हो बाबा, आठ दिवसांत सवय होईल." मला तासाला उशीर होत होता.

दिवाळीनंतर खांबला गेलो. बाबा निम्मे झाले होते. "जेवतच नायत वो," म्हणताना सून रडवेली झाली. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बाबांनी सवयीने त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"गोडं हाय, मास्तर. निस्तं गोडं."

महिन्याभरात ते गेले. माझी चूक मला त्या तांब्यापाशीच कळली होती, पण बोलून काय उपयोग?

उन्हाळ्यात गावच्या तलावात जाळं पडलं. मुलगा हातभर लांबीचा जिताडा घेऊन दारात आला. "बाबांनी सोडलेला हाय. सांगून ठेवलेलं, पयला मास्तरांना."

घरात सगळे जेवले. मी माझं ताट बाजूला सारलं.